बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

भट्टी उघडली आणि दोनशे बशांपैकी एकशे ऐंशी तडकलेल्या निघाल्या. आणि काय सांगावं, हे होणार हे आधी माहीत नव्हतं असा माणूसच कारखान्यात उरला नाही.

"माती ओलसर होती, मी म्हणतच होते," रंगकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. पॅकिंगवाल्याच्या तर म्हणे मनात पाल चुकचुकली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, सगळ्यांना दिसलं ते तुम्हालाच कसं दिसलं नाही?"

भट्टीवाल्या काकांनी बावीस वर्षं भट्टी लावली, एवढा घोळ कधी झाला नव्हता. दोन दिवस तेच तेच ऐकून त्यांनाही आठवायला लागलं, की पेटवताना आपला हात थबकला होता. हात थबकला होता तो कान खाजवायला. पण आता ऐकतंय कोण! नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, या धास्तीने त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

तिसऱ्या दिवशी बाईंनी निकाल द्यायला सगळ्यांना बोलावलं. काकांनी आधीच एप्रन पिशवीत कोंबला. फळीवरचा आपला कप काढताना मागचा बिस्किटांचा डबा हाताला लागला. दर भट्टीआधी, किती नग फुटतील ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून, सही करून त्यात टाकायचं. ज्याचा आकडा सगळ्यात जवळ, त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. या वेळी चहाची शुद्ध होती कुणाला?

काकांनी डबा बाईंच्या टेबलावर उपडा केला. मावशींची चिठ्ठी : दोन. पॅकिंगवाला : एकही नाही. बाई : तीन. काका स्वतः : चार.

मावशींनी आपली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"चिठ्ठ्यांत असंच निघणार, मला वाटलंच होतं," मावशी म्हणाल्या.

बाईंनी आपली चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली. "काका, तुमची चूक नाही हे मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते. उद्या वेळेवर या." चारचा आकडा सगळ्यात जवळचा, म्हणून काकांना चहाही मिळाला.

घरी काका दोन दिवसांनी पोटभर जेवले. "नोकरी जात नाही, मला ठाऊकच होतं," त्यांनी बायकोला ऐटीत सांगितलं.

बायकोने पिशवीतून एप्रन काढला, मग कप. "आणि हा?"

"धुवायला आणलाय."

बावीस वर्षांत तो कप पहिल्यांदाच घरी आला होता. "बरं," ती म्हणाली आणि तिने तो धुतला.