धुण्याचं पाणी

बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना गोडं पाणी पोचवायचं, हा माझा धंदा. माझी बार्ज म्हणजे पोटात टाक्या असलेली बुटकी लोखंडी बोट. दिसायला म्हैस आणि चालीला तिच्याहून मंद. जहाज कुठल्याही देशाचं असो, नळी वर फेकायची आणि पाणी सोडायचं, एवढंच मला ठाऊक. तहानलेल्याला आधी त्याचा झेंडा विचारायचा असतो, हे या वयात नव्यानं शिकलो.

झालं असं, की शेजारच्या देशाच्या आरमारानं आमचं एक मालवाहू जहाज अडवलं. मग आमच्या सरकारनं त्यांच्याशी सगळा व्यापार बंद केला आणि आमच्या बंदराबाहेर उभं असलेलं त्यांचं एक जहाज अडकवून ठेवलं. वर त्याच्यावर नजर ठेवायला एक युद्धनौका आणून उभी केली. दोन्ही देश एकमेकांना पाण्यात पाहतात, ही गोष्ट काही आजची नाही. पण या खेपेला मधल्या पाण्यात माझा जावई सापडला. जहाज त्यांचं असलं तरी त्यावरचा स्वयंपाकी आमचा. त्याला उतरवून घ्यायचं तर जहाजाचा इथला एजंट लागतो आणि एजंटानं बंदीच्या दिवशीच हात झटकले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हे असं.

जहाजावर इंधन संपत आलं, म्हणून समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बंद पडलं. मग टाकीनं तळ गाठला. लेक त्याच्याशी फोनवर बोलायची आणि डोळे पुसत मला सांगायची. आता भाताचं पाणीही वाटून पितात. आता जनरेटर दिवसातून तासभर चालतो, तेवढ्यात एसीच्या नळीतून ठिबकतं ते भांड्यात धरतात. जहाज आमच्या धक्क्यावरून दिसत होतं आणि मी पाणीवाला सासरा धक्क्यावर हात चोळत उभा.

शेवटी बंदर कचेरीत गेलो. साहेबानं बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ओळखलं की काम होणार नाही.

"पाणी देणं म्हणजे पुरवठा," साहेब म्हणाला. "पुरवठ्याला बंदी आहे."

"अहो, माणसं आहेत ती."

"जहाज संकटात असेल तर जाता येतं. बुडत असेल, आग लागली असेल."

"आणि माणसं तहानेनं मरत असतील तर?"

"तसं कलम नाही हो काका."

तासभर बोललो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि तेवढ्याच घड्यावर पाणी ओतायची मला परवानगी होती.

घरी आलो तो तणतणतच. चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि लेकीसमोरच सुरू झालो. "जहाज बुडवा म्हणावं नाहीतर पेटवा! मग बघ, तुझा बाप वाजतगाजत पाणी घेऊन जाईल. तहान लागून मेलात तर मात्र आमच्याकडे कलम नाही!" तिनं फोन उचलला. पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवून आत गेली. मला तो पेला उचलवेना.

दुसऱ्या दिवशी युद्धनौकेवरून मागणी आली, बार्ज भरून गोडं पाणी हवं. प्यायला नव्हे, धुवायला. कुणी बडे साहेब पाहणीला येणार होते आणि खाऱ्या वाऱ्यानं लोखंडावर पांढरे डाग पडले होते. माझ्या पंपावर माझा मेहुणा असतो. तो म्हणाला, "भावोजी, डोक्यावर बर्फ ठेवा. काम करू, उरेल तेवढं राखू. तिथल्या अधिकाऱ्याला समोरासमोर विचारू. आपल्यासारखाच माणूस असेल."

असेलही. आम्ही त्यांची नौका पुढून मागून धुतली. तोफा धुतल्या, कठडे धुतले, शिड्या धुतल्या. गोडं पाणी फेसासकट समुद्रात पडत होतं आणि पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर, जावयाचं जहाज उभं होतं. त्याच्या कठड्याशी माणसं गोळा झाली होती. ती काही ओरडत नव्हती, नुसती बघत होती. मी तिकडे पाठ केली.

काम संपलं तेव्हा टाकीत चांगला पाव हिस्सा पाणी शिल्लक होतं. मी अधिकाऱ्याला हात जोडले. "साहेब, एवढं त्यांना देऊन येतो. तुमच्या डोळ्यांदेखत देतो."

"नाही जमणार, काका." आवाज मऊ होता. मग त्यानं वर बोट केलं. "त्या मनोऱ्यावर पक्ष्यांनी घाण केलीय, दिसतेय का? उरलंय ना पाणी? मग तेवढं मारून घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिशात फोन वाजत होता, लेकीचा. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "पक्ष्यांची घाण?" मी ओरडलो. "घ्या! धुवा! मनोरा धुवा, बूट धुवा, तोंडं धुवा!" मेहुण्याच्या हातातली नळी मी हिसकावली आणि झडप पूर्ण उघडली. मनोरा भिजला, अधिकारी नखशिखांत भिजला, उरलेलं समुद्रात गेलं. पंप कोरडा घरघरायला लागला तरी मी नळी सोडली नाही. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

अधिकारी तोंडावरचं पाणी निपटत काहीतरी बोलणार, एवढ्यात मेहुण्यानं माझा दंड धरला. "भावोजी, धूर."

जावयाच्या जहाजावरून काळा धूर चढत होता. लगेच आमच्या वायरलेसवर बंदराच्या कंट्रोलचा आवाज आला. "पाण्याची बार्ज, तुमच्या शेजारच्या जहाजावर आग आहे. तुम्हीच जवळ आहात, ताबडतोब जा. परवानगी आहे."

लेक कशासाठी फोन करत होती, ते मला त्या क्षणी कळलं. मेहुण्यानं टाकीच्या काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोर सोडला आणि निघालो. आग विझवायचा पंप आमच्याकडे वेगळा आहे, तो पाणी समुद्रातून ओढतो. तेवढाच चालू करण्यासारखा होता.

जवळ गेलो तर डेकवर एक पिंप पेटलेलं, तेलकट चिंध्यांचं. त्याच्या मागे सगळी माणसं ओळीनं उभी, ओठ फुटलेले. प्रत्येकापुढे भांडं होतं, बादल्या, पातेली, डबे, झाकणं काढून मांडलेले. मधोमध माझा जावई, सुकलेला, पण हसत होता. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आला तेव्हा हसला होता, तसाच. त्यानं मला हात केला. मी नळी धरली, पंप सुरू झाला. पाणी पिंपावर पडलं, भांड्यांत पडलं, माणसांवर पडलं. एकच ओरडा झाला. त्यानं ओंजळ भरून तोंडाला लावली.

आणि थुंकला. ओंजळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अजून हसतच होता.

"मामा, चुकून समुद्राचं सोडलंत," तो वरून ओरडला. "टाकीतलं सोडा, टाकीतलं! लवकर करा, आग विझत आलीय!"