मिठागरावरचा लोखंडी कोंबडा

मी एक जुना वातकुक्कुट आहे. वातकुक्कुट म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा. मला आरवता येत नाही, दाणे टिपता येत नाहीत. वारा जिकडून येतो तिकडे चोच करायची, एवढंच माझं काम. एका लोहाराने जुन्या पत्र्यातून मला कापलं. शेपटी फारच मोठी झाली म्हणून त्याची बायको हसली होती. पण मित्रांनो, त्या शेपटीमुळेच मी साध्या झुळकेलाही वळायचो.

मिठागराच्या गोदामाच्या बुटक्या छपरावर मला बसवलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. जमीन मोठी उतावळी, लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र सगळं सावकाश करतो. थंडीत जमीन समुद्राहून गार होते आणि कोरडा वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो. वाफ्यांतलं पाणी आटून मीठ धरतं ते या कोरड्या दिवसांत. उन्हाळ्यात जमीन इतकी तापते की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. तिथला दाब कमी झाला, की समुद्रावरची जड, ओली हवा आत धावते. डोंगर चढताना ती थंड होते आणि पाऊस पडतो. वर्षातून दोनदा वारा असा घर बदलतो, आणि इथल्या वीस माणसांचं पोट त्यावर चालतं.

दुपारी समुद्राचा वारा उन्हाळाभर रोजच येतो. त्याने फसायला नको म्हणून मिठागराचे मुकादम मला फक्त सकाळी सात वाजता पाहत. सकाळीही माझी चोच समुद्राकडे दिसली, की वाफ्यांतून मीठ ओढणं थांबवायचं आणि बाहेरचे ढीग गोदामात घ्यायचे, हा त्यांचा नियम. पंचवीस वर्षं तो चुकला नाही. नव्या माणसाला ते माझी ओळख ‘आपले मोठे साहेब’ अशी करून देत. मी मनातल्या मनात फुगायचो.

आधी दर महिन्याला कोणीतरी शिडी लावून माझ्या खुंटाला तेल द्यायचं. पुढे कौतुक तेवढं राहिलं, तेल राहून गेलं. खाऱ्या हवेने खुंट गंजला आणि उन्हाळ्याच्या अखेरीस एका पहाटे मी डोंगराकडे चोच करून अडकलो.

दोन दिवसांनी वारा फिरला. ओली हवा मागून माझ्या शेपटीवर आदळत होती. मला सगळं कळत होतं, पण वळता येत नव्हतं. खाली सात महिन्यांच्या मेहनतीचे अकरा ढीग उघड्यावर होते आणि मुकादम रोज सकाळी माझ्याकडे पाहून माणसांना वाफ्यात पाठवत होते. मला फार लाज वाटली.

मुकादमांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. ती गोदामामागेच राहायची आणि उजाडताच घराच्या समुद्राकडच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत घालायची. तिसऱ्या सकाळी ती ओल्या हातांनीच पुढे आली.

“अहो, तीन दिवस झाले, सकाळी सकाळी कपडे घराच्या भिंतीवर येऊन आपटतायत. वारा फिरलाय.”

“चोच डोंगराकडे आहे,” मुकादम म्हणाले. “अजून एक पीक निघेल.”

वहिनीने वाद घातला नाही. तिने कपडे टाकायची काठी आणली, घमेलं पालथं घालून त्यावर चढली आणि मला शेपटीपाशी ढोसलं. गंजाचा भुगा तिच्या केसांवर पडला. मी करकरत अर्धा फिरलो आणि चोच समुद्राकडे करून थांबलो.

वाफ्यातली माणसं उभी राहून पाहू लागली. मुकादमांचा चेहरा उतरला.

“मीठ आत घ्या,” एवढंच ते म्हणाले.

दीड दिवस सगळे पळत होते. आठ ढीग आत गेले. उरलेले तीन पावसाने सर्वांदेखत विरघळवले. ज्या बाईने त्यांतला एक ढीग जवळजवळ एकटीने रचला होता, ती दारात उभी राहून ते पाणी समुद्राकडे जाताना बघत होती. 

आता दर महिन्याला मुकादम स्वतः शिडी चढून मला तेल देतात. सकाळी सात वाजता मात्र ते आधी कपड्यांच्या दोरीकडे बघतात, मग माझ्याकडे. मला त्याचा राग नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं विश्वासाचं काहीतरी असेल. त्याला वेळच्या वेळी तेल द्या आणि अधूनमधून काठीने ढोसूनही बघा. तीन दिवस मी त्या ढोसण्याचीच वाट पाहत होतो.