डिझेलचा भरवसा

हिलालसमोर डिझेलबद्दल वाकडा शब्द काढायची सुरतेच्या डिंडोलीत कोणाची टाप नव्हती. काढलाच तर समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं. त्याचं म्हणणं एकच: माणूस दगा देईल, डिझेल इंजिन देणार नाही. उभा जन्म त्याने टेम्पो चालवला. बमरोलीच्या लूमवरून कोरं कापड उचलायचं आणि पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये नेऊन टाकायचं. तापीच्या पुरात तो टेम्पो बोनेटपर्यंत बुडाला होता, आणि पाणी ओसरल्यावर खोकून खाकरून पुन्हा कामाला लागला होता, असं हिलाल सांगायचा. दर वर्षी त्या गोष्टीत पाणी थोडं थोडं वर चढत होतं, पण ते असो.

टेम्पो विकून घरी बसल्यावर त्याने कार घेतली, ती अर्थातच डिझेलची. वापीहून मुलगा, ललित, फोनवर म्हणाला, "पप्पा, सीएनजी घ्या. आजकालची डिझेल इंजिनं नाजूक असतात, सेन्सरच सेन्सर." झालं. हिलाल पोराशी बरेच दिवस बोलला नाही.

मंगलाबाईला, म्हणजे हिलालच्या बायकोला, गाडी काय पिते याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती दहिवेलला जाते की नाही, एवढाच तिचा प्रश्न. दहिवेल म्हणजे नवापूरच्या पुढे, कोंडाईबारीचा घाट ओलांडला की लागतं ते गाव. तिथे तिची थोरली बहीण धुरपदाबाई. आई लवकर गेली, तेव्हा याच धुरपदाबाईने मंगलाबाईच्या वेण्या घातल्या, तिला लहानाचं मोठं केलं. आता धुरपदाबाईच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, तिला काही सुरतेला येणं होत नव्हतं. जायचं तर मंगलाबाईनेच.

मग बसने जायचं ना? तिथेच तर घोडं अडलं होतं. गाडी दारात आली त्या दिवशी हार घालता घालता मंगलाबाईने बहिणीला फोन केला होता, की आता येईन तर स्वतःच्या गाडीत. धुरपदाबाईने ते अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. त्यावर दोन दिवाळ्या गेल्या. आता एसटीतून पिशव्या घेऊन उतरायचं म्हणजे गल्लीला तोंड कसं दाखवायचं? आणि धुरपदाबाई काही कमी नव्हती. दर फोनला विचारायची, "मंगल, तुन्ही गाडी शे का नुस्ता फोटो शे?" मंगलाबाई हसण्यावारी न्यायची आणि फोन ठेवल्यावर ओट्यापाशी जाऊन डोळे पुसायची. बहिणीच्या आठवणीने जीव तुटत होता, आणि वर ही थट्टा.

कारण गाडी होती, पण हलत नव्हती. हिलाल तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. रोज सकाळी खाली जाऊन इंजिन सुरू करायचं, बोनेटला उदबत्ती ओवाळायची, संपूर्ण हनुमान चालिसा होईपर्यंत इंजिन तसंच गुरगुरत ठेवायचं आणि मग बंद करून वर कव्हर घालायचं. "इंजिन तापाले पाहिजे," हे त्याचं शास्त्र. शेजारचा बळीराम खिडकीतून ओरडायचा, "हिलालभाऊ, निघाले कुठे?" हिलाल म्हणायचा, "कुठेच नाही." रविवारी मंदिरात आणि तिथून भाजी घेऊन घरी, ही गाडीची सगळ्यात लांब यात्रा. तीही डिझेल वाचवायला पहिल्या चौकातच वरचा गिअर टाकून, कण्हत कुथत.

दहिवेलचं नाव काढलं की कारणं तयार. रस्त्यावर खडी आहे. उसाचे ट्रक घासून जातात. घाटात धुकं असतं. खरं कारण मंगलाबाई ओळखून होती. सगळ्या जगाला डिझेलची ग्वाही देऊन बसलेल्या माणसाची गाडी सासुरवाडीच्या लोकांसमोर बंद पडली, तर? एवढा ज्याच्यावर भरवसा, त्याला सुरतेबाहेर काढायची हिंमत नव्हती बाबाची. कधी कधी तिला असा राग यायचा की ते कव्हर ओढून त्याची गोधडी शिवावी.

आणि मग एका रविवारी, मंदिराहून येताना, स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळी बत्ती लागली. छोटा डबा आणि त्यात ठिपके.

"हे काय साबुदाण्यासारखं?" मंगलाबाईने विचारलं.

"काही नही. थंडीनं व्हत असंल," हिलाल म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्याने चालिसा सावकाश म्हणायला सुरुवात केली, इंजिनाला जास्त ऊब मिळावी म्हणून. साबुदाणा काही जाईना. उलट गाडी सुस्त झाली, पुलाच्या चढावर धाप टाकायला लागली. शेवटी मंगलाबाईच म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. हिलाल मान खाली घालून सर्व्हिस सेंटरला निघाला. ती मुद्दाम सोबत गेली.

तिथला योगराज नावाचा इंजिनिअर शिरपूरकडचा, म्हणजे मुलखातलाच निघाला. त्याने गाडीला एक यंत्र लावलं, स्क्रीन वाचला आणि विचारलं, "काका, गाडी चालवता किती?"

"चालवतच नाही," हिलाल अभिमानाने म्हणाला. "म्हणून तर अशी नवी आहे."

"तोच आजार आहे," योगराज म्हणाला. "या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी असते. काजळी बाहेर जाऊ देत नाही, अडवून ठेवते. लांब पल्ला मारला, वेग धरला की नळी लालबुंद तापते आणि काजळी आपोआप जळून जाते. तुम्ही रोज उभ्या उभ्या इंजिन चालवताय. त्यात ती तापत नाही, नुसती काजळी साठते."

"माझा टेम्पो महिना महिना उभा राहायचा. त्याला काही झालं नाही."

"टेम्पो सगळा धूर लोकांच्या तोंडावर सोडायचा, काका. ही पोटात ठेवते."

मंगलाबाईला गाडीची एकदम माया आली. बिचारी. दोन वर्षं पोटात ठेवून उभी होती.

"इंजिन ठणठणीत आहे," योगराज पुढे म्हणाला. "फक्त हायवेला घाला. गिअर थोडा खालचा ठेवा, इंजिनाला बोलू द्या, आणि बत्ती जाईपर्यंत थांबू नका. अजून दुर्लक्ष केलं तर मात्र जाळी बदलावी लागेल."

"दहिवेलपर्यंत चालेल का?" मंगलाबाईने इतक्या सहज विचारलं की जणू मिठाचा भाव विचारतेय.

"दहिवेल? एकदम बेस्ट. वर घाटपण मिळेल."

हिलालने दोघांकडे असं पाहिलं, जणू ते संगनमत करून आले होते. "बत्ती जाईपर्यंत म्हणाला ना तो? बारडोलीला जाऊन परत यायचं. बस."

 रविवारी सकाळी मंगलाबाई ठेवणीतली साडी नेसून खाली आली, हातात भली मोठी पिशवी. आत बहिणीसाठी दोन साड्या, नानखटाईचा पुडा, स्वतःच्या कपड्यांचा एक जोड.

"बारडोलीले एवढं कसाले?" हिलालने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. रस्ता शे, काय सांगता येस," ती म्हणाली आणि पिशवी पायाशी घेऊन बसली. बहिणीला मात्र तिने फोन केला नाही. पुन्हा तोंडघशी पडायची तिची तयारी नव्हती.

गाडी निघाली. आता बघा गंमत: हिलाल मनात मारुतीला म्हणत होता, देवा, बत्ती जाऊ दे. आणि शेजारी मंगलाबाई त्याच मारुतीला म्हणत होती, देवा, इतक्यात नको. मारुतीने कोणाचं ऐकावं? कडोदऱ्याला ट्रकांची ही गर्दी. हिलाल वैतागला, मंगलाबाईने मनातल्या मनात नारळ बोलला. गर्दीत वेग कुठला, आणि वेग नाही तर काजळी जळणार कशी? बारडोली आली, बत्ती तशीच. हिलालचं तोंड आंबट झालं.

"व्याऱ्यापर्यंत पाहू," तो म्हणाला. "तिथून मात्र परत."

बारडोली सुटली तसा रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे ऊस, मध्ये काळीभोर सडक. हिलालने योगराजचं ऐकून गिअर खाली घेतला, पाय दाबला, आणि दोन वर्षं गुरगुरणारं ते इंजिन पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने बोललं. गाडी अशी सुटली की हिलालच्या तोंडावर हसू आलं. "पाह्य, पाह्य," तो म्हणाला, "डिझेल याले म्हनतस." एकेक ट्रक मागे टाकत तो टेम्पोच्या दिवसांतली गाणी गुणगुणायला लागला. किती वर्षांनी गुणगुणला. मंगलाबाईला त्याचा आनंद पाहून बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी तिची नजर सारखी त्या बत्तीकडे जात होती. गाडी जितकी छान पळेल, तितकं दहिवेल लांब जात होतं.

व्यारा जवळ आलं आणि बत्ती गेली.

हिलालचं लक्ष रस्त्यावर होतं. तिने मात्र पाहिलं. डबा गेला, ठिपके गेले, तिथे नुसता काळा चौकोन. गप्प बसावं का? आणखी थोडं पुढे जाऊ द्यावं? घाटापर्यंत पोहोचलो तर मग परत फिरणार नाही हा. पण नवरा इतका खुशीत होता की फसवायला मन धजेना. शेवटी ती म्हणाली, "साबुदाणा ग्या तुम्हना. फिरवा गाडी."

हिलालने खाली पाहिलं. पुढेच दुभाजकात वळायची जागा होती. त्याने वेग कमी केला, बाजूची बत्ती लावली, आरशात पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती बाहेरच्या उसाकडे तोंड करून बसली होती. एका हाताने पिशवीचे बंद घट्ट धरलेले, जणू कोणी ती ओढून नेणार होतं. ठेवणीतल्या साडीचा पदर डोळ्यांना लावलेला.

मागचा ट्रकवाला भोंग्यावर भोंगे देत होता. हिलालने बाजूची बत्ती बंद केली.

"कोठे गई?" तो म्हणाला. "आजून शे ना."

मंगलाबाईने वळून पाहिलं. काळा चौकोन. काही म्हणजे काही नव्हतं.

"शे," हिलाल पुन्हा म्हणाला, रस्त्याकडे बघत. "पुढे जानं पडी. घाट चढना पडी बहुतेक."

वळायची जागा मागे गेली. मंगलाबाईला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. तिने घाईघाईने बहिणीला फोन लावला, उगाच त्याचं मन बदलायला नको.

"बाई, आम्ही येतस. गाडीमां. सोनगड येईल आते."

 पलीकडून धुरपदाबाईचा आवाज इतका मोठा आला की गाडीभर ऐकू गेला. "खरं सांग मंगल. आज कशी काय सुटनी ती गाडी? काय व्हयनं?"

 काय सांगावं? मंगलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ज्याने डिझेलपायी पोटच्या पोराशी बोलणं टाकलं होतं, त्या माणसाने हात पुढे करून फोन स्वतःच्या तोंडाजवळ ओढला.

"इंजिन बिघडनं, धुरपदाबाई," हिलाल म्हणाला. "या नव्या डिझेलना काही भरोसा नही. दोनचार दिन मुक्काम करना पडी."