पत्र्यातली सात भोकं

इद्रीसने विमानाच्या कुशीवरून तळहात फिरवला. कुठे उंचवटा नाही, कुठे खड्डा नाही. आखातातल्या मुसफ्फ्याच्या गॅरेजांत एकतीस वर्षं डेंटर म्हणून गाड्यांचे पत्रे ठोकत राबलेल्या हाताने सात भोकं बुजवली होती, आणि अशी, की ती होती हे शपथेवर सांगूनही कोणाला पटू नये.

"इद्रीसभाई, काय करून ठेवलंत हे!" मालकाच्या, म्हणजे अरबाबच्या, खासगी संग्रहालयाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अपर्णा मॅडमनी फाइल छातीशी धरली होती. "युद्धातल्या गोळ्यांची भोकं होती ती. त्यांच्यासाठीच तर अरबाबने हे विमान घेतलं!"

"भोक ठेवून गाडी बाहेर सोडली तर लोक गॅरेजला हसतात, मॅडम."

"ही गाडी आहे?"

इद्रीसने घड्याळाकडे पाहिलं. साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा पुढे सरकायचा तर अरबाबची सही लागते, आणि अरबाब दुपारीच येणार होता. सही नाही, तर महिनाअखेर रत्नागिरी. खलास.

मॅडमनी फाइलमधून एक जुना फोटो काढला. "नशीब, हा आहे. याच जागी परत पाडा."

"भोकं? मी?" तो कसनुसा हसला. फोटो डोळ्यांजवळ नेला. "हे विमान करायचं तरी काय?"

"जहाजावरून उडायचं, पोटात टॉर्पेडो घेऊन. मग अगदी पाण्यालगत येऊन शत्रूच्या जहाजाकडे नाकासमोर सरळ जायचं. टॉर्पेडो सुटेपर्यंत वळायचं नाही."

"समोरून गोळ्या आल्या तरी?"

"तरी. वळलं की नेम गेला."

"आत किती माणसं?"

"तीन. परतली तिघंही. जिवंत दोघं." मॅडमचं बोट भोकांवर थांबलं. "याच पत्र्यामागे वायरलेसवाला बसायचा. एकवीस वर्षांचा."

इद्रीसने फोटो बराच वेळ पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, ड्रिल घेतलं. चकचकीत पत्र्यावर पहिलं भोक पाडताना त्याने मान फिरवली. मग कानशीने कडा फाडल्या, काजळी चोळली. सातवं संपलं तेव्हा त्याची पाठ पार मोडून आली होती.

अरबाब आला तो खुशीतच. त्याने भोकं मोजली, एकात बोट घातलं.

"सेम प्लेस?"

मॅडमनी फोटो पत्र्याला लावला. सातही भोकं वीतभर मागे सरकली होती. वायरलेसवाल्याची जागा सोडून, शेपटीच्या रिकाम्या पोकळीवर. एकतीस वर्षांत हा माणूस केसभर चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी इद्रीसकडे पाहिलं. तो खाली मान घालून ड्रिलची वायर गुंडाळत होता, गुंडाळलेली पुन्हा सोडत होता.

"येस सर," त्या म्हणाल्या आणि फोटो फाइलमध्ये पालथा ठेवला. "सेम प्लेस."