दुसऱ्या बेसजवळच्या गवतावर

मित्रांनो, संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत बसलेला हा कळकट, चपटा बेसबॉलचा ग्लोव्ह म्हणजे मी. शाळेची मुलं येतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, "शी, केवढा मळलाय!" मळलोय खरा. पण हा मळ मी मेहनतीने कमावला आहे, आणि तो एकाच माणसाचा नाही. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या जन्माचं फारसं कौतुक नको. कारखान्यात कातडं कापलं, शिवलं आणि चामड्याच्या वाद्यांनी आवळलं, की झाला ग्लोव्ह. नवा असताना मी पाटासारखा ताठ होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑर्व्हिल टटलने मला विकत घेतलं. त्याने मला तेल चोळलं, तळव्यात चेंडू ठेवून दोरीने बांधलं आणि चक्क गादीखाली घालून त्यावर झोपला! असं कितीतरी दिवस चाललं, तेव्हा कुठे मी मऊ झालो. मग त्याने माझ्या आतल्या बाजूला शाईने आपलं नाव लिहिलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

कारखान्याचे दोन संघ होते. गोऱ्या कामगारांचा संघ शनिवारी खेळायचा, काळ्या कामगारांचा रविवारी. कारखाना एक, मैदान एक, पण दोघांनी एकमेकांशी खेळायचं नाही. प्रेक्षकांच्या बाकांमध्येही दोर बांधलेला असे. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. तो दोर कोणी बांधला हे कोणी विचारत नव्हतं.

त्या काळी खेळाडूंची एक रीत होती. बॅटिंगची पाळी आली की ग्लोव्ह आत न्यायचा नाही, आपल्या जागी गवतावर टाकून जायचं. ऑर्व्हिलची जागा दुसऱ्या बेसजवळ, म्हणजे धाव काढताना गाठायच्या दुसऱ्या टप्प्यापाशी, म्हणून माझीही तीच. खेळ रंगात आलेला असताना उताणं पडून आभाळ बघायचं, यासारखं सुख नाही.

एका शनिवारी आमचा संघ अगदी शेवटच्या फटक्यावर जिंकला. फटका ऑर्व्हिलचाच होता. मंडळींनी त्याला खांद्यावर घेतलं, नाचत नाचत फाटकाबाहेर नेलं, आणि मी राहिलो गवतावर. मला अगदी पोरकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवारचा संघ आला. दुसऱ्या बेसवर क्लिओफस बॅटल नावाचा उंच, सडसडीत खेळाडू उभा राहिला. त्याचा ग्लोव्ह तळव्यात फाटला होता आणि आत पुठ्ठा घातलेला होता. त्याने मला पाहिलं, इकडेतिकडे बघितलं, आणि मला हातात घातलं. काय हात होता तो! चेंडू येण्याआधीच त्याला तो कुठे येणार हे कळायचं. खेळ संपल्यावर त्याने माझी तुटायला आलेली वादी काढली, खिशातली नवी वादी ओवून घट्ट गाठ मारली आणि मला होतो तिथेच ठेवलं.

सोमवारी ऑर्व्हिल धावत आला. ती गाठ बघून बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग हसला. पुढच्या शनिवारी खेळ संपला तेव्हा तो मला विसरला नाही, मुद्दाम ठेवून गेला. शेजारी तेलाची डबीही ठेवली. उन्हाळाभर हे असंच चाललं. दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत, पण मी शनिवारी एकाचा आणि रविवारी दुसऱ्याचा होतो.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. आमचा कर्णधार डेक्स्टर हॅस्केल कारखान्यात मुकादमही होता. संघातल्या खेळाडूंना तो हलकं काम द्यायचा. ऑर्व्हिलही त्यामुळेच भट्टीवरून सुटून कोठारात आला होता. एका शनिवारी खेळाआधी बाकावर गप्पा चालल्या होत्या.

"ऐकलं का? उद्या कॅन्सस सिटीच्या काळ्यांच्या मोठ्या संघाचा माणूस येतोय, त्या क्लिओफसला बघायला."

"बघू दे की. फाटक्या ग्लोव्हने काय दिवे लावणार तो?"

"फाटका कशाला? आपल्या ऑर्व्हिलचा आहे ना!"

सगळे हसले. हॅस्केल हसला नाही. तो म्हणाला, "आजपासून खेळ संपला की सगळे ग्लोव्ह आत. मी स्वतः फाटकाशी उभा राहून बघणार आहे."

खेळ संपला. ऑर्व्हिल माझ्याकडे आला, वाकला. माझा तर जीव टांगणीला लागला. त्याने मला उचललं, धूळ झटकली, माझा अंगठा नीट वर केला आणि पुन्हा गवतावर ठेवलं. रिकाम्या हाताने तो फाटकाशी गेला.

"ग्लोव्ह कुठाय?"

"आहे जागेवर."

"घेऊन ये."

"उद्या लागणार आहे तो."

"कुणाला?"

"तुम्हाला माहीत आहे."

हॅस्केलचा आवाज खाली आला. "ऑर्व्हिल, सोमवारपासून भट्टीवर यायचं. आणि शनिवारी इकडे फिरकायचं नाही."

"बरं," ऑर्व्हिल म्हणाला.

हॅस्केलने स्वतः येऊन मला उचललं असतं तर सगळंच संपलं असतं. पण काळ्या माणसाने घातलेल्या ग्लोव्हचा त्याला विटाळ वाटत होता. त्या विटाळानेच मला वाचवलं!

रविवारी क्लिओफस असा खेळला की दोराच्या दोन्ही बाजूंची माणसं उभी राहिली. कॅन्सस सिटीचा माणूस त्याला म्हणाला, "सामान बांध. मंगळवारच्या गाडीने निघायचं."

मैदान रिकामं झाल्यावर ऑर्व्हिल आला. क्लिओफस मला गवतावर ठेवत होता. दोघे पहिल्यांदाच समोरासमोर आले.

"साहेब, तेल जरा बेताने पाजा याला," क्लिओफस म्हणाला. "हातातून घसरतो."

"आणि तू वादी इतकी आवळतोस की माझी बोटं सुजतात."

दोघे हसले. मग ऑर्व्हिल म्हणाला, "घेऊन जा. मला आता नाही लागणार."

क्लिओफसचं हसू मावळलं. "नाही जमणार, साहेब. आत तुमचं नाव आहे. गाडीत कोणी बघितलं तर चोर म्हणून उतरवतील मला. कॅन्सस सिटी राहिली बाजूला, तुरुंगात जाईन."

हे ऑर्व्हिलच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने खिशातून कोठाराची शाईची पेन्सिल काढली, जिभेवर ओली केली आणि आपल्या नावाखाली लिहिलं, 'यांच्याकडून क्लिओफस बॅटल यांना भेट.' मी मंगळवारची गाडी पकडली.

पुढे खूप वर्षं मी गावोगाव खेळलो, वाहवा मिळवली. मग एकदा आमचा संघ त्याच गावी आला. आम्ही जिंकलो. पण क्लिओफसने मला हातात घालून आत नेलं नाही. दुसऱ्या बेसजवळ गवतावर ठेवलं आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. दोराच्या पलीकडून एक पिकल्या केसांचा माणूस हळूहळू उतरून आला आणि त्याने माझ्यात हात घातला. भट्टीने त्या हाताची कातडी राठ केली होती, पण मी तो लगेच ओळखला.

"तेल नाही पाजलं गाढवाने," तो पुटपुटला.

"मग तू पाज, ऑर्व्हिल," मागून आवाज आला. "म्हणून तर ठेवलाय."

या वेळी 'साहेब' नव्हतं. ऑर्व्हिलने खिशात हात घातला. तेलाची डबी तो घेऊनच आला होता. दोघे गवतावर बसले, आणि आमच्या संघाच्या बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून कंटाळला.

यथावकाश मैदानं सगळ्यांना खुली झाली, पण तोवर क्लिओफसचे गुडघे गेले होते. त्याच सुमाराला ग्लोव्ह गवतावर टाकून जायची रीतही नियमाने बंद झाली. क्लिओफसच्या मुलीने मला या संग्रहालयाला दिलं. पेटीवरच्या पाटीवर तिच्या वडिलांचंच नाव आहे. ऑर्व्हिलचं नाव माझ्या आत आहे, आणि पेटी बंद आहे.

मित्रांनो, पेटीची किल्ली समोरच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंकडे असते. त्यांना विचारा. वर्षातून एकदा तरी मला बाहेर काढा, गवतावर ठेवा, आणि ज्याच्याकडे ग्लोव्ह नसेल त्याला घालू द्या. जाताना थोडं तेल घाला. बेतानेच.