तिसरी गाठ

विक्रेतीने छोट्या इलेक्ट्रिक कुकरचं झाकण उघडलं आणि वर आलेल्या वाफेकडे अशा कौतुकाने पाहिलं, जणू वाफेचा शोध आज सकाळी याच दुकानात लागला होता.

"बघा काका, सात बटणं. भात, सूप, अंडी, बटाटे..."

"सात," म्हणत बाबांनी खिशातल्या चिठ्ठीवर आकडा लिहून घेतला.

मुलगी हाताची घडी घालून मागे उभी होती. उकळत्या पाण्यात बटाटा टाकला की तो शिजतो, एवढं कळायला माणसांना हल्ली सात बटणं लागतात. कुकर पांढरा, गुटगुटीत, पोटावर निळा दिवा असलेला. दातांच्या डॉक्टरांकडे टेबलावर ठेवला असता तरी कुणी काही विचारलं नसतं. खोक्यावर एक बाई एकटीच वाटीकडे बघून हसत होती आणि तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'एका माणसाचं स्वयंपाकघर'.

"आई असती तर याला उंबरठा ओलांडू दिला नसता," मुलगी म्हणाली.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. आईला जाऊन अडीच महिने झाले होते आणि तेवढ्यात आईची मतं मुलीच्या फार कामाला येऊ लागली होती. खोटं मात्र ती बोलत नव्हती. आई लोकांचे कपडे शिवायची आणि असल्या यंत्रांना खेळणी म्हणायची. भेट आलेल्या टोस्टरच्या फटींत तिने वर्षानुवर्षं कात्र्या उभ्या करून ठेवल्या होत्या.

मुलीने आपल्या घरची मागची खोली रिकामी केली होती. पडदेसुद्धा लावून झाले होते. पण बाबा म्हणाले होते, "मला एकट्याला जमतंय का ते एकदा बघू दे. नाही जमलं तर येतो." त्या जमण्याची सगळी भिस्त आता या डब्यावर होती. डबा नापास झाला की बाबा तिच्याकडे. त्यासाठीच ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत आली होती.

"आतलं रबर निघतं का?"

"निघतं मॅडम."

"आणि निघालेलं परत बसतं?"

"बसतं की. मी दिवसातून वीस वेळा बसवते."

"तुम्हाला पगारच त्याचा आहे. यांना चष्म्याची डबी मिटत नाही."

"अगं, ती डबीच बिघडली आहे," बाबा म्हणाले आणि विक्रेतीकडे वळले. "सूपला किती वेळ लागतो हो?"

"बाबा, तुम्हाला सूप आवडत नाही."

"तुझ्या आईला आवडायचं नाही," बाबा म्हणाले. "मला आवडतं की नाही, कोण जाणे. बघावं म्हणतो."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबा, माप घेतो." शर्टाच्या खिशातून त्यांनी टेप नाही, तर एका सुट्या बटणाला गुंडाळलेला पांढरा दोरा काढला.

मुलीने हाताची घडी सोडली.

आईने आयुष्यात टेप वापरली नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक दोरा असायचा, त्यावर गळ्याची, छातीची, मनगटाची गाठ. गाठी मोहरीएवढ्या, दातांनी ओढून घट्ट केलेल्या. बाबांच्या हातून बुटाच्या नाडीचीही गाठ धड बसत नसे.

"हा कधीचा?"

"शेवटी शेवटी ती भिंत धरून ओट्यापर्यंत जायची ना, तेव्हाचा. म्हणाली, खेळणं घ्यायची वेळ येणारच तुमच्यावर. घ्याल तेव्हा हा घेऊन जा, दुकानातल्यांच्या बोलण्याला भुलू नका."

विक्रेतीने झाकण लावलं.

"ही पहिली गाठ रुंदीची." बाबांनी दोरा कुकरसमोर धरला, कुकर गाठीच्या आत बसला. "दुसरी वायरची. भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचली पाहिजे." वायर गाठीपर्यंत पोचत होती.

"आणि तिसरी?"

"तिसरी..." बाबा दोरा बोटांत फिरवत राहिले. "सांगितलं होतं तिने. माझं लक्ष नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघत होतो."

मुलीने दोरा घेतला. तिसरी गाठ कसली ते तिला बघताक्षणी कळलं होतं. घरी ओट्याच्या ज्या कोपऱ्यात प्लग होता, त्याच्यावरच बरण्यांची फळी होती.

"झाकण उघडा परत."

झाकण उघडलं. तिने दोऱ्याचं टोक कुकरच्या बुडाशी धरलं आणि दोरा वर ताणला. झाकण गाठीच्या चांगलं दोन बोटं वर गेलं होतं.

"फळीला आपटेल."

"वापरताना जरा पुढे ओढायचं मॅडम."

"ओट्याच्या कडेवर? आणि वाफ यांच्या तोंडावर?"

बाबांनी चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घातली, आणि पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे नाही," ते म्हणाले. "तिचं माप चुकायचं नाही."

मुलीला हवं होतं ते झालं होतं, तेही आईच्याच हातून. ती दोरा बटणाला गुंडाळू लागली. एक वेढा, दोन वेढे. तिसऱ्या वेढ्याला तिचा अंगठा गाठीवर आला आणि तिथेच राहिला. कुकर घरात येऊच नये असं आईला वाटलं असतं, तर तिने भिंत धरून मापं कशाला घेतली असती?

तिने दोरा पुन्हा उलगडला.

"झाकण उचलून बाजूला ठेवता येईल असा आहे का एखादा?" तिने विक्रेतीला विचारलं.

विक्रेती लगबगीने मागच्या कपाटाकडे निघाली.

"आणि बटणं कमी असू देत," मुलगी तिच्या पाठीमागून ओरडली.