पॅरिसात तोंड कसं उघडायचं

होकार देताना ओझीतला काही वाटलं नव्हतं. लॉबस्टरचा हंगाम नुकताच संपला होता, पोरं-सुना जेवायला जमल्या होत्या, आणि नात कोरीन सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मेमेर, ऑक्टोबरात तुला पॅरिसला नेते. चारच दिवस. तू मला वाढवलंस, आता मी तुला फिरवणार."

समोर नणंद एल्मीर बसली होती. एल्मीरच्या समोर ओझीतने आजवर कशालाच "मला नाही जमणार" म्हटलेलं नाही. मग ते बाळंतपण असो की पोतंभर बटाटे किसणं असो. "नेलंस तर येईन की," ती म्हणाली, आणि एल्मीरच्या ताटात किसलेल्या बटाट्याच्या रापुरचा दुसरा डाव असा घातला, जणू पॅरिसला ती दर शनिवारी अंडी आणायला जाते.

जूनमध्ये ऑक्टोबर लांब दिसतो. सप्टेंबरात तो नको असलेल्या पाहुण्यासारखा पायरीवर येऊन बसतो.

फ्रान्सपासून एक महासागर अलीकडे, फ्रेंच बोलणाऱ्या कोळ्यांच्या आन्स-ब्लांश गावात ओझीतला ओळख सांगावी लागत नाही. सिरीलच्या आल्फेची ओझीत म्हटलं की झालं. आडनाव फक्त दफनभूमीत लागतं. तिच्या सासऱ्याचं, सिरीलचं नाव घेतलं की खाडीकाठच्या कुठल्याही घरात खुर्ची पुढे सरकते. पॅरिसात सिरील कोण हे कुणाला ठाऊक? तिथे ती नुसतीच एक म्हातारी. तेही एक वेळ चाललं असतं. पण म्हातारीने तोंड उघडलं की काय होतं, ते ओझीतने एकदा पाहिलं होतं.

काही वर्षांपूर्वी फ्रान्सहून टीव्हीवाले आले होते. गोड बोलून त्यांनी तिला कॅमेऱ्यासमोर रापुर करायला लावली. बटाटा किसा, कापडात घालून पिळा, त्यावर कोंबडीचा उकळता रस्सा ओता, सगळं तिने नीट समजावून सांगितलं. पुढे तो कार्यक्रम लागला तेव्हा सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये जमलं. ओझीत पडद्यावर बोलत होती फ्रेंच, आणि तिच्या हनुवटीखाली अक्षरं सरकत होती, तीही फ्रेंचच. कशाला, तर बाई काय बोलते ते फ्रान्समधल्या लोकांना कळावं म्हणून. हॉलमध्ये हशा पिकला. ओझीतही हसली. घरी येऊन मात्र तिने ज्या कढईत ती रापुर केली होती ती इतकी घासली, की आल्फे म्हणाला, "अगं, आता तळ दिसेल पलीकडचा."

एल्मीरला हे विसरायला कुणी सांगितलंय! परवाच ती चहाला आली आणि साखर ढवळत म्हणाली, "वहिनी, टीव्हीत तुझ्या तोंडाखाली पाटी होती. आता तिथे काय गळ्यात पाटी अडकवून हिंडणार?"

"तुझ्या तोंडाखाली दोन हनुवट्या आहेत, तिथे पाटीलाही जागा उरायची नाही," ओझीत म्हणाली. एल्मीर गेली. बोलणं मात्र काट्यासारखं आत राहून गेलं.

बेत रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात शिजत होता. कोरीन वृद्धाश्रमातली पाळी संपवून यायची, टेबलावर नकाशा पसरायची आणि लाल पेनाने रेघा ओढायची. आल्फे खिडकीशी बसून लॉबस्टरच्या सापळ्यांची जाळी विणायचा. तो येणार नव्हता. "बोट बुडाली तर दोन हात मारता येतात," तो म्हणायचा, "विमान बुडालं तर कुठे मारू?"

"पहिल्या दिवशी मनोरा," कोरीन म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रं, संध्याकाळी नदीतून बोट."

"बोटीत बसायला पॅरिसला? तुझ्या पेपेरने ऐकलं तर हसेल."

"मी ऐकतोय," खिडकीतून आल्फे म्हणाला.

"आणि मधे लागलीच तर कुठे जायचं?"

"लागली म्हणजे, मेमेर?"

"संडास गं! लाल पेनाने चर्चं, मनोरे सगळे दाखवलेस. बहात्तर वर्षांच्या बाईला मनोरा आधी लागतो की संडास, ते तूच सांग. वृद्धाश्रमात काम करतेस ना?"

कोरीन हसली आणि तिने नकाशावर दोन-चार ठिकाणी ठिपके दिले. ओझीतने ते पाठ केले. तिने परकराच्या आतून खिसा शिवून घेतला, कारण एल्मीरच्या म्हणण्याप्रमाणे तिथे माणसाच्या अंगावरची गंजीसुद्धा चोरतात. नवे बूट घालून ती कोंबड्यांना दाणे टाकायला जाऊ लागली, म्हणजे तिथे चावायला नकोत. पण हे सगळे वरवरचे उद्योग. दगड ठेवून झाकण दाबावं तसं ती ते एकच भय दाबून बसली होती. बेकरीत पाव मागायचा तर कसा मागायचा? मागितला, आणि पोरगी "काय?" म्हणाली तर? कोरीन शेजारी उभी असेल. तिची मान खाली जाईल.

आणि मग सोमवारी ती मागच्या ओसरीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा आतून तिला परका आवाज ऐकू आला.

"नमस्कार, महाशय. आम्ही पुढील महिन्यात आपल्याकडे वास्तव्यास येत आहोत. माझ्या आजींच्या गुडघ्यास त्रास असल्याने आम्हांस खालच्या मजल्यावरील कक्ष मिळू शकेल काय?"

ओझीतच्या हातात आल्फेचा ओला सदरा तसाच राहिला. घरात कोण पाहुणी आली? तिने जाळीतून डोकावलं. कोरीन होती. भिंतीकडे तोंड, पाठ ताठ, ओठ पुढे काढलेले, शब्द चिमट्याने उचलून एकेक ठेवत होती. मेमेरसुद्धा नव्हे, 'आजींच्या'! ज्या पोरीला ओझीतने कडेवर घेऊन बोलायला शिकवलं, तिच्या तोंडात ओझीतचा एकही शब्द नव्हता.

"कुणाशी एवढी नटून बोलत होतीस?" नंतर तिने विचारलं.

"हॉटेलशी. खोलीचं कळवतील म्हणाले." कोरीनचे कान लाल झाले होते. "काही नाही गं. तिथे जरा असंच बोलावं लागतं."

असंच बोलावं लागतं. म्हणजे आपल्यासारखं नाही. ओझीतने ते वाक्य रात्रभर चघळलं, आणि सकाळपर्यंत तिचा गुडघा सुजला. म्हणजे सुजला नव्हता. पण तिने व्हिनेगरात भिजवलेलं फडकं बांधलं आणि खुर्चीत अशी बसली, की आल्फेसुद्धा घाबरला.

"पोरी," कोरीन कामाला निघताना ती म्हणाली, "माझं काही खरं नाही. हा गुडघा मनोऱ्यापर्यंत काय, गाडीपर्यंत नेईल असं वाटत नाही. तू जा. कुणा मैत्रिणीला ने."

कोरीन डोअरमॅटवरून परत आली.  मग वाकून तिने फडक्याची गाठ नीट बांधली. तिची बोटं सवयीची होती. सूज कुठे असते आणि कुठे नसते, हे त्या बोटांना कळलं नसेल असं नाही.

"तुझा गुडघा आधी, मेमेर," ती म्हणाली. "मी संध्याकाळी रद्द करते. मधे हॉटेलचा फोन आलाच तर नंतर करा म्हण, एवढंच." आणि गेली.

"सुटलीस," आल्फे म्हणाला.

"सुटले."

"मग तोंड का असं, वासरू हरवल्यासारखं?"

"तुमची गाठ चुकली बघा तिथे, ती उसवा आधी."

ओझीतला हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. हायसं काही येईना.  आणि फोन वाजला.

तिने उचलला. पलीकडचा तरुण इंग्रजीत बोलला, तेही नाकातून. आपण पॅरिसहून बोलतोय, मिस कोरीन आहेत का?

"नाही, कामाला गेली," ओझीतच्या तोंडून सवयीने निघून गेलं, घरातल्या बोलीत. जीभ चावेपर्यंत वेळ निघून गेली होती.

 पलीकडून पुन्हा इंग्रजी, आता जरा हळू, बहिऱ्याशी बोलावं तशी. मिसना सांगा, पहिल्या मजल्यावरची खोली आहे, लिफ्टही आहे. आणि आम्ही टिपून ठेवलंय की पाहुण्या इंग्रजी बोलणाऱ्या आहेत, म्हणून सकाळी शहर दाखवायला इंग्रजी बोलणारा माणूस देऊ.

"कोण इंग्रजी बोलणाऱ्या?"

"मिस कोरीन, मॅडम. काल त्यांनी आमच्याशी फ्रेंचमध्ये बोलायचा फार गोड प्रयत्न केला. आम्हाला कौतुक वाटलं. किती वर्षं शिकताहेत?"

ओझीतने खुर्चीची पाठ धरली.

तिला कोरीनची ताठ पाठ दिसली. चिमट्याने उचललेले ते शब्द. पोरीने अंगावरचं सगळं उतरवून त्यांच्यासारखं ल्यायला बघितलं, आणि त्यांनी तिला काय म्हणून लिहून ठेवलं, तर इंग्रज! ज्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी हिच्या फ्रेंच पूर्वजांच्या घरांना काड्या लावल्या आणि माणसं गलबतांत कोंबून देशोधडीला लावली, त्यांच्यातली एक. आणि वर कौतुक! ओझीतला शिवी चालली असती. शिवीला उत्तर असतं.

"शिकतेय?" ती म्हणाली, आणि आता तिने जीभ आवरली नाही. "अरे बाळा, ती जन्मली तेव्हा पहिलं भोकाड पसरलं तेही फ्रेंचमध्येच. तिच्या आईने, माझ्या आईने, तिच्या आईने, सगळ्यांनी. तुमच्या राजांची डोकी धडावर होती तेव्हापासून आम्ही हेच बोलतोय, इथे, या समुद्राशी. तू कधीपासून शिकतोयस?"

"माफ करा, मॅडम," आता तो फ्रेंचमध्ये आला, गडबडून. "जरा... जरा सावकाश बोलता का?"

"मी सावकाशच बोलतेय. तूच जरा भराभर ऐक."

खिडकीशी आल्फेच्या हातातली सुई थांबली होती.

"खोली पहिल्या मजल्यावरची. लिफ्ट चालू पाहिजे, दाखवायची नको. खाटा दोन. आणि ते टिपून ठेवलंयस ना, ते खोड. लिही, पाहुण्या फ्रेंच बोलतात. दोघीही. लिहिलंस?"

"लिहिलं, मॅडम."

"वाच."

त्याने वाचलं. त्याला सगळं कळलं होतं की नुसतं घाबरून वाचत होता, देव जाणे. तिने फोन ठणकन जागेवर ठेवला.

"गुडघा कसा आहे?" आल्फेने विचारलं.

"तुम्ही जाळी विणा."

दिवसभर तिला बसवेना. जो प्रश्न ती इतके दिवस स्वतःसाठी विचारत होती, तो आता भलत्याच जागी जाऊन उभा राहिला होता. आपण हसू होऊ, पोरीची मान खाली जाईल, एवढंच तिला दिसलं होतं. पोरगीच हसू झाली तर? आणि तेव्हा शेजारी एखादी मैत्रीण असली, जी घरी येऊन सगळ्यांना सांगेल? बेकरीतली बाई तिला हळू, बहिऱ्याशी बोलतात तशी इंग्रजी बोलली, तर त्या पोरीने काय करायचं? रडेल. कोरीन बोलत नाही, रडते. आणि तेही संडासात जाऊन, नळ सोडून. लहानपणापासूनची खोड आहे. तिथलं दार कोण ठोठावणार?

संध्याकाळी गाडी अंगणात वळली तेव्हा ओझीतने फडकं सोडलं होतं आणि ती चुलीशी उभी होती.

"उभी का आहेस?" कोरीन दारातूनच म्हणाली.

"उतरला जरा. व्हिनेगर चांगलं होतं."

कोरीनने तिच्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. कोट न काढता खुर्चीत बसली. "हॉटेलचा फोन आला होता?"

"आला होता. खोली मिळाली. लिफ्टवाली."

"तू बोललीस?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय म्हणाले ते? म्हणजे, माझं काल... माझं बोलणं त्यांना कळलं होतं ना? मी गोठ्यात जाऊन किती वेळा म्हणून बघितलं होतं, मेमेर. काल तू ऐकत होतीस ते मला माहीत होतं. मला वाटलं, तुझ्यासमोर त्यांनी मला 'काय?' म्हटलं तर मी तुला कोणत्या तोंडाने तिथे नेऊ."

आल्फेने खिडकीतून मान वर केली. ओझीतने त्याच्याकडे एकदाच असं बघितलं, की त्याने ती पुन्हा खाली घातली.

खोटं बोलायला ओझीत कधी डरली नव्हती, पण हे खोटं चार दिवस, परक्या गावात, प्रत्येक दुकानात जिवंत ठेवावं लागणार होतं.  बेकरीत आधी आपणच पुढे व्हायचं, तिने ठरवलं. पाव आपण मागायचा. जे काही "काय?" यायचं असेल, ते आधी आपल्यावर येऊ दे.

"कळलं म्हणजे?" ती म्हणाली आणि रस्सा ढवळू लागली, म्हणजे तोंड दिसायला नको. "म्हणाला, कालची ती मुलगी इथलीच, पॅरिसची कुठली तरी वाटली. मी म्हटलं, छे, आमची आहे."

"खरंच?"

"मी काय तुझ्या एल्मीर आजीसारखी आहे, वाटेल ते सांगायला? कोट काढ, हात धू. आणि तो नकाशा काढ. त्या हॉटेलापासून बेकरी कुठे आहे, ते आधी दाखव मला."